सभासद की गिऱ्हाईक? वेंटवर्थच्या गोल्फ क्लबचं प्रकरण, टिळकवाडीत वाचलेलं

आमच्या क्लबात गोल्फ कुणी खेळत नाही. दोन बॅडमिंटन कोर्ट, टेबल टेनिसचं एक डगमगतं टेबल, पत्त्यांची खोली आणि मागे झाडाखाली चार बाकडी, एवढाच आमचा संसार. बेळगावच्या टिळकवाडीतल्या जुन्या माणसांना जागा सांगावी लागत नाही आणि नव्यांना सांगून उपयोग नाही. गोल्फ म्हणजे लहानपणापासून आमच्या लेखी कॅम्पातल्या साहेबांचा खेळ. तरीही गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आम्ही पंचवीस-तीस जण इंग्लंडातल्या एका गोल्फ क्लबवर दोन तास भांडलो. त्या भांडणाची ही नोंद.

निमित्त असं झालं. एका विकासकाने क्लबपुढे प्रस्ताव ठेवला. लाकडी जमिनीचा नवा हॉल, जिम, जमलं तर छोटा जलतरण तलाव. खर्च सगळा त्याचा, त्या बदल्यात तीस वर्षं कारभार त्याच्याकडे. 'लाइफ मेंबरांना काही फरक पडणार नाही, लिहून देतो,' असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशीच क्लबात दोन तट पडले. सकाळी खेळणारे एकीकडे, संध्याकाळी पत्ते कुटणारे दुसरीकडे. मी आयुष्यभर कॉलेजात वाणिज्य शिकवलं, तेव्हा 'सर, तुम्हीच काहीतरी सांगा' हे ओघानेच आलं. आपल्याच क्लबबद्दल बोलायला लागलं की दुसऱ्या वाक्याला माणूस कुठल्या तटाचा ते ठरून जातं. म्हणून सात हजार किलोमीटरहून लांबचं प्रकरण घेतलं. त्याची चार पानांची टिपणं काढली होती. पण सगळ्यांसाठी झेरॉक्स काढायला खजिनदारांनी साफ नकार दिला. 'फळ्यावर लिहा की ओ सर, खडू आहे की.' तर फळ्यावर लिहिलं.

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात व्हर्जिनिया वॉटर नावाचं गाव आहे. वेंटवर्थ क्लब तिथला. पण हा क्लब चार खेळाडूंनी वर्गणी काढून उभा केलेला नाही, ही पहिली गोष्ट मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. वॉल्टर टॅरंट नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने १९२२ च्या सुमारास जुन्या वाड्याभोवतीची जमीन हाती घेतली, मोठमोठ्या बंगल्यांचे प्लॉट पाडायचे ठरवले आणि प्लॉटना गिऱ्हाईक यावं म्हणून मधोमध गोल्फचं मैदान आखलं. आखणी केली हॅरी कोल्टने, त्या काळचा नामांकित आराखडाकार. पूर्वेचं मैदान १९२४ मध्ये झालं, पश्चिमेचं १९२६ मध्ये. म्हणजे हा क्लब जन्मालाच बिल्डरच्या घरी आलेला. पुढच्या नव्वद वर्षांत लोक हे विसरले, कारण मधल्या काळात तिथे इतिहास घडत गेला.

तो इतिहास थोडक्यात सांगतो, नाहीतर माणसं इतकी का चिडली ते कळणार नाही. १९२६ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंचा एक अनौपचारिक सामना इथे झाला. त्याच कल्पनेतून पुढच्या वर्षी रायडर चषक सुरू झाला. खुद्द रायडर चषकही १९५३ मध्ये इथे खेळला गेला. १९६४ पासून जागतिक मॅचप्ले स्पर्धा (एकास एक लढतींची), १९८४ पासून युरोपातली प्रतिष्ठेची पीजीए, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा. युरोपियन टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचं मुख्यालयही इथेच. पश्चिमेच्या मैदानाला 'बर्मा रोड' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात मैदानावर रान माजलं होतं, ते जर्मन युद्धकैद्यांकडून साफ करून घेताना तिथला एक अधिकारी म्हणाला, हाच यांचा बर्मा रोड, म्हणजे बर्मातून चीनकडे जाणारा तो खडतर रस्ता. नाव चिकटलं ते चिकटलंच, अशी कथा सांगतात. बर्मा शब्द आला आणि आमच्याकडे दहा मिनिटं गेलीच. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी त्या आघाडीवर लढल्या, आणि बेळगावात कुणाचे तरी आजोबा, कुणाचे तरी थोरले मामा तिथे असतातच.

आता मालकी. २००४ मध्ये रिचर्ड केअरिंग या कपड्यांच्या आणि पुढे हॉटेलांच्या धंद्यातल्या उद्योजकाने हा क्लब १३ कोटी पौंडांना घेतला. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने तो बीजिंगच्या रेनवूड समूहाला १३.५ कोटी पौंडांना विकला. समूहाचे प्रमुख यान बिन. चीनमध्ये रेड बुल हे पेय विकून त्यांनी पैसा केला. बीजिंगजवळही त्यांचा एक आलिशान गोल्फ क्लब आहे.

हे दोन आकडे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि गप्प बसलो. पत्त्यांच्या खोलीतले एक काका बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, 'दहा वर्षांत पन्नास लाख पौंड फक्त? एफडीत ठेवले असते तर ओ!' मला हेच हवं होतं. मधल्या काळात केअरिंगने एर्नी एल्स या दक्षिण आफ्रिकी खेळाडूकडून पश्चिमेच्या मैदानाची मोठी डागडुजीही करून घेतली होती. ती २०१० मध्ये झाली, आणि अठराव्या होलची, म्हणजे चेंडू पाडायच्या शेवटच्या खड्ड्याभोवतीची, नवी हिरवळ व्यावसायिक खेळाडूंना अजिबात आवडली नाही. क्लब चालत असताना त्यातून दरसाल काही मिळत असेल ते असेल. पण महागाई धरली तर विक्रीची किंमत उलट घटलीच. मग पुढच्या मालकाने १३.५ कोटी का मोजावेत? जुन्याच पद्धतीने क्लब चालवायला तर नक्कीच नाही. मालक बदलतो तेव्हा लोक त्याचा स्वभाव कसा, तो कुठला, भाषा कुठली ते बघतात. बघायचा असतो तो त्याने भरलेला आकडा. त्या आकड्यात पुढची सगळी गोष्ट आधीच लिहिलेली असते.

ती गोष्ट वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये उघड झाली. सभासदसंख्या चार हजारांच्या आसपास होती, ती ८८८ वर आणायची. राहायचं असेल त्याने एक लाख पौंडांचा डिबेंचर, म्हणजे क्लबचा कर्जरोखा, घ्यायचा. वार्षिक वर्गणी आठ हजार पौंडांच्या आसपास होती, ती सोळा हजारांवर जायची. त्या वेळी पौंड साधारण शंभर रुपयांना होता. म्हणजे प्रवेशाला एक कोटी आणि दर वर्षाला सोळा लाख. हॉलमध्ये आमच्याकडे असा काही हशा पिकला की बाहेरून खेळणारी पोरं डोकावली.

८८८ च का, असा प्रश्न एका बाईंनी विचारला. चिनी भाषेत आठच्या उच्चाराचं भरभराटीच्या शब्दाशी साधर्म्य आहे, म्हणून आठ शुभ, तीन आठ फारच शुभ. आपल्याकडे अकराशे एक किंवा पाच हजार एकचं पाकीट देतात तसंच. माझ्या मते मात्र मालकाची पहिली चूक इथे झाली, आणि ती पैशाची नव्हती. 'आम्ही संख्या हळूहळू कमी करणार' म्हणाला असता तर लोक कुरकुरले असते आणि जगले असते. पण नेमका आकडा सांगितला की प्रत्येक जण मनात मोजायला लागतो: मी आठशे अठ्ठ्याऐंशीत आहे का? शेजारच्या घरी जेवणाचं आमंत्रण गेलं आणि आपल्या घरी आलं नाही, हे कळल्यासारखं ते आहे.

पुन्हा फळ्यावर आलो. ८८८ गुणिले एक लाख म्हणजे ८ कोटी ८८ लाख पौंड. खरेदीची किंमत साडेतेरा कोटी. म्हणजे सगळे डिबेंचर गेले तर खरेदीच्या जवळपास दोन-तृतीयांश रक्कम सभासदांच्याच खिशातून परत. बँकवाले काका टाळी देऊन म्हणाले, 'बघा, आमच्याच पैशांनी आमचाच क्लब!' वर्गणीची बाजू तितकी सरळ नाही. चार हजारांतले सगळेच काही पूर्ण वर्गणी भरणारे गोल्फर नव्हते, त्यामुळे चार हजार गुणिले आठ हजार असा हिशेब करून 'उत्पन्न घटतंय, मालक वेडा आहे' म्हणण्यात अर्थ नाही. मोजक्या माणसांना रिकामं मैदान हवं असतं आणि त्यासाठी ती भरमसाट मोजतात. या धंद्याचं इंगित तेवढंच. चंदगडात धबधब्याशेजारी बांधलेली रिसॉर्टं याच तत्त्वावर चालतात.

डिबेंचर म्हणजे कर्जरोखा, हे सांगून कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग म्हटलं, साखर कारखान्याची ठेव. लगेच सगळे सरसावून बसले.

इथे जरा थांबतो, कारण आमच्या भागात हे प्रकरण खरं कळतं ते इथूनच. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, पलीकडे गडहिंग्लज आणि चंदगड, कुठेही जा, प्रत्येक घरात एखाद्या कारखान्याचा एक तरी सभासद आहे. शेअरची रक्कम, मग उसाच्या बिलातून कापली जाणारी परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, हे शब्द पोराबाळांना पाठ. बिनपरतीची ठेव हा शब्द ज्याने काढला त्याला मी नेहमी मनातल्या मनात दंडवत घालतो. परत मिळणार नाही ती ठेव कसली? पण शेतकरी ती कापू देतो, कारण त्या बदल्यात त्याचं नाव यादीत राहतं, त्याचा ऊस आधी जातो आणि दिवाळीला सवलतीची साखर मिळते. ती साखर किती स्वस्त पडते हे कुणी बघत नाही. पिशवी घेऊन सभासदांच्या रांगेत उभं राहायचं, यात सगळं आलं. मग एक दिवस कारखाना डबघाईला येतो, भाडेतत्त्वावर कुणा खासगी कंपनीकडे जातो, आणि पहिला प्रश्न उसाच्या दराचा नसतोच. पहिला प्रश्न असतो, 'आमची साखर मिळणार काय नाही?'

हुक्केरीकडचे एक सभासद, फार न बोलणारे, म्हणाले, 'माझ्या वडलांनी शेवटपर्यंत पासबुक उशाशी ठेवलं होतं. त्यावर कधी काही मिळालं नाही.' यावर कुणी काही बोललं नाही.

वेंटवर्थच्या माणसांचं दुःख याच जातीचं आहे. त्यांना गरीब म्हणायचं कारण नाही. तिथल्या बंगल्यांच्या किमती ऐकल्या तर आपली साठवण-बचत हास्यास्पद वाटेल. दूरचित्रवाणीवरचे मुलाखतकार सर मायकेल पार्किन्सन यांच्यासारखी माणसं त्या विरोधात पुढे होती. विरोध लंडनच्या चिनी वकिलातीपर्यंत गेला. श्रीमंत माणसं मोर्चा काढतात तेव्हा बघणाऱ्याला गंमत वाटते, मलाही वाटली. पण तीस वर्षं ज्या मैदानावर शनिवार घालवला, जिथे मुलं चालायला शिकली, तिथे 'नवा अर्ज करा, एक लाख आणा' म्हटल्यावर दुखतं ते खिशात नव्हे.

आणि तरीही, कायद्याने त्यांच्या हाती काय होतं? जवळजवळ काहीच नाही. इथे माझ्या टिपणातला मुख्य मुद्दा येतो. इंग्रजीत आणि मराठीतही 'क्लब' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मावतात. एक सभासदांचा क्लब: जमीन, इमारत, कर्ज, शिल्लक, सगळं सभासदांचं, समिती ते निवडतात, तोटा ते भरतात. दुसरा मालकाचा क्लब: सगळं मालकाचं, सभासद फक्त दर वर्षी प्रवेश विकत घेतो. दोन्हीकडे ओळखपत्र सारखंच, वार्षिक स्नेहभोजन सारखंच, भिंतीवर माजी कप्तानांची नावं सोनेरी अक्षरांत सारखीच. फरक फक्त मालक बदलतो त्या दिवशी दिसतो. वेंटवर्थ पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकारचा होता. टॅरंटच्या प्लॉटविक्रीपासूनच.

मग मालक नमला का? काही प्रमाणात नमला, आणि तो कुणापुढे नमला ते बघण्यासारखं आहे. क्लबभोवतीच्या वसाहतीत जे बंगल्यांचे मालक आहेत त्यांच्यासाठी १९६४ मध्ये ब्रिटिश संसदेने स्वतंत्र कायदाच केला होता: वेंटवर्थ इस्टेट कायदा. वसाहतीतले रस्ते, कडेची जमीन, त्यांची देखभाल, त्यासाठी रहिवाशांकडून आकारणी, हे सगळं पाहायला त्याखाली रस्तेसमिती आहे. रहिवाशांना त्या कायद्याने खरेखुरे हक्क होते आणि मालकालाही त्या चौकटीत वागणं भाग होतं. सभासदांच्या भावना वर्तमानपत्रांत गाजल्या. वाटाघाटीच्या टेबलावर वजन पडलं ते रस्त्यांच्या या रूक्ष कायद्याचं. शेवटी मालक आणि रहिवासी यांच्यात तडजोड झाली. जुन्यांसाठी अटी सैल झाल्या. डिबेंचरची कल्पना मात्र राहिली, आणि नव्याने येणाऱ्याला आजही त्याच दारातून आत यावं लागतं.

एवढं ऐकून सकाळची बॅडमिंटन मंडळी खूश झाली असती तर मला बरं वाटलं नसतं, म्हणून मालकाची बाजूही मांडली. साडेतेरा कोटी मोजलेल्या माणसाने ते वसूल करू नयेत असं कुठे लिहिलंय? शिवाय त्याने मैदानावर पैसे घातले. २०१६-१७ मध्ये पश्चिमेच्या मैदानाचं काम पुन्हा निघालं, एल्सच होता, पण या वेळी इतर खेळाडूंचा सल्ला घेऊन. काही बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, काढले, हिरवळी नव्याने घातल्या, जमिनीखालून हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बसवली. मागच्या वेळी नाकं मुरडणारे खेळाडू या वेळी बरं बोलले. म्हणजे खेळ सुधारला आणि खेळणाऱ्यांतले कितीतरी बाहेर गेले, दोन्ही खरं. आमच्या क्लबातला एक तरुण, कोर्टाच्या उखडलेल्या फरशीवर पाय मुरगळून महिनाभर घरी बसलेला, चिडून म्हणाला, 'तुमचं ते आपलेपण घेऊन काय करायचं सर? पावसाळ्यात कोर्टावर बादल्या ठेवायलोय आम्ही.' त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

बँकवाल्या काकांनी विचारलं, आपल्या देशात असं होतं का. होतं, पण आपल्याकडे नवा मालक बहुतेकदा सरकार असतं, कारण जुन्या क्लबांची जमीन मुळात सरकारी भाडेपट्ट्याची. दिल्ली जिमखान्याचंच बघा: कारभारातल्या तक्रारींवरून प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारला तिथे संचालक नेमायची मुभा मिळाली. तिथे तर प्रवेशासाठी बापाने नाव घातलं की मुलाच्या डोक्यावर केस उरत नाहीत तोवर नंबर लागत नसे, असं म्हणतात.

यावर मागच्या रांगेतून कुणीतरी बोललंच, 'सर, मालक बदलणं आम्हाला शिकवू नका. छप्पन साली आम्हाला कुणी विचारलं होतं?' हशा झाला, पण त्यात थोडं मीठ होतं. छप्पन साली बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं; विषय तिकडे गेला असता तर दुपारपर्यंत परतला नसता. तरी एक गोष्ट मला सुचली ती सांगून टाकली. वेंटवर्थ विकला गेला तो सप्टेंबर २०१४. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबरला, आपल्या गावाचं नाव कागदोपत्री बेळगावी झालं. पाट्या बदलल्या. पण कुणाच्या घराच्या उताऱ्यावरचं मालकाचं नाव काही त्याने बदललं नाही. पाटी वेगळी, उतारा वेगळा. वेंटवर्थच्या लोकांनी नव्वद वर्षं पाटी वाचली.

मग साहजिकच प्रश्न आला: आपला उतारा कुणाच्या नावावर आहे?

तीस जणांपैकी एकालाही सांगता येईना. जमीन एका जुन्या सावकारांनी क्लबला 'दिली' असं आम्ही सगळे ऐकत आलो. दिली म्हणजे बक्षीसपत्राने, भाड्याने की तोंडी, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही, आणि मी कंपनी कायदा शिकवून पेन्शन खातो. सेक्रेटरींनी पत्त्यांच्या खोलीतली लोखंडी ट्रंक आणवली. झाकण उघडल्यावर डांबरगोळ्यांचा वास सुटला. सर्वांत खालचे कागद मुंबई राज्याचे, इंग्रजीत, खाली मराठी सह्या. मधले म्हैसूर राज्याचे. वरचे कर्नाटकाचे, कन्नडात. तीन सरकारं एका ट्रंकेत.

कामाचा कागद नेमका कन्नडात होता. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये कन्नड बोलायला आम्हाला काही वाटत नाही, पण मुद्रांकावरचं सरकारी कन्नड वाचायचं म्हटल्यावर आम्ही मराठी शाळेतले सगळे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी सेक्रेटरींच्या नातीला बोलावलं. नववीतली पोरगी, रॅकेट हातात, घाम पुसत आली. बोट ठेवून वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर अडली.

'गुत्तिगे,' ती म्हणाली. 'म्हणजे ते... लीज.'

'गुत्ता की ग,' हुक्केरीकडचे म्हणाले. 'आपलाच शब्द.'

पुढे मुदत होती, भाडं होतं, आणि सभासदांच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय जागा तिसऱ्या कुणाला वापरायला देता येणार नाही, असं एक कलम होतं. ते तिने दोनदा वाचलं, एकदा कन्नडात आणि एकदा तिच्या मराठीत. मुदत संपायचं साल वाचल्यावर सगळ्यांनी बोटांवर मोजलं. विकासकाच्या तीस वर्षांत ते कितीतरी आधी येत होतं.

खजिनदारांनी तो कागद तिच्या हातातून घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, 'तीस जणांना झेरॉक्स काढायला किती होतील?'